आठवणींना श्रोता हवा : वृद्धांच्या समूहोपचाराचा एक इतिहास

म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत ते एका ओळीत मांडून पाहावेत. पाल्हाळ, चऱ्हाट, टकळी, जुने उगाळणे, 'आमच्या वेळी'चा पाढा. या शब्दांत कधी माया असते, कधी वैताग असतो. पण ऐकण्याची तयारी क्वचितच असते. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर ऐकण्याआधीच निकाल देऊन मोकळी होते. हा केवळ आपल्या भाषेचा दोष नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य वैद्यकही फारसे वेगळे बोलत नव्हते. वृद्धाचे गतकाळात रमणे हे मेंदूच्या ऱ्हासाचे लक्षण समजले जाई, नाहीतर वर्तमानापासून काढलेली पळवाट. दोन्ही अर्थांनी ते रोगाच्या बाजूला जमा होत असे, आणि रुग्णाला त्यातून बाहेर काढणे हे चांगल्या शुश्रूषेचे काम ठरत असे.

हेच बोलणे पुढे उपचाराचे साधन झाले. तेही एकट्या डॉक्टरसमोर नव्हे, तर आठदहा समवयस्कांच्या वर्तुळात. आणि पुष्कळदा रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, वस्तीतल्या एखाद्या दालनात. लक्षणाचे औषध कसे झाले, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे. विषय मानसोपचाराचा असला तरी साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये. आत्मकथनाचे मोल कशात असते, निवेदकाला श्रोत्याची गरज का भासते आणि ऐकणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हे आपलेच प्रश्न या इतिहासात निराळ्या पोशाखात वावरताना दिसतात.

१. एक वर्ष, दोन घटना

डिसेंबर १९०४ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी व्हिएन्नाच्या डॉक्टरांपुढे मानसोपचारावर एक व्याख्यान दिले. ते १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. मनोविश्लेषण कोणाला लागू पडत नाही हे सांगताना त्यांनी पन्नाशीच्या आसपास पोचलेल्या आणि त्यापुढच्या माणसांना वगळले. कारणे दोन दिली. एक म्हणजे या वयात मनोव्यापारांची लवचीकता उरत नाही. दुसरे म्हणजे आयुष्यभराचा ऐवज एवढा साचलेला असतो की तो उपसू लागल्यास उपचार संपणारच नाही. हे विधान करताना फ्रॉइड स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांचे पुष्कळसे महत्त्वाचे लेखन अजून व्हायचे होते, हा योगायोग बोलका आहे. त्यांचेच शिष्य कार्ल अब्राहम यांनी १९१९ मध्ये या मताला सौम्य छेद दिला. रुग्णाचे वय किती यापेक्षा त्याच्या विकाराचे वय किती हे अधिक महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु गुरूच्या वाक्याचा दबदबा पुढची कित्येक दशके टिकला.

दुसरे कारण आपण जरा निरखून पाहिले पाहिजे. ऐवज फार आहे, म्हणून उपचार नको. कादंबरीकार ज्याला संपत्ती म्हणेल त्याला येथे ओझे म्हटले गेले. दीर्घ आयुष्य ही अडचण ठरली.

त्याच १९०५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील बोस्टन शहरात जोसेफ प्रॅट या तरुण वैद्याने एक 'वर्ग' सुरू केला. विद्यार्थी होते क्षयाचे गरीब रुग्ण. आरोग्यधामाचा खर्च त्यांना परवडणारा नव्हता. विश्रांती, मोकळी हवा, आहार हे सारे त्यांनी घरीच सांभाळायचे, तापमान व दिनचर्या वहीत लिहायची, आणि आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र जमायचे. एका चर्चने पैशाची बाजू उचलली. रुग्णांच्या घरी जाऊन पाहणी करण्याची व्यवस्थाही होती. प्रॅट यांचा मूळ हेतू साधा होता : तेच तेच प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा सर्वांना एकदम सांगावे. पण त्यांच्या लक्षात असे आले की शिकवण्याहून अधिक काहीतरी येथे घडत आहे. वेगवेगळ्या वंशांची, पंथांची माणसे एका आजाराच्या धाग्याने बांधली जात होती आणि एकाचे वजन वाढले की दुसऱ्याला धीर येत होता. समूहोपचाराचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण येथूनच आरंभ करतात.

या आरंभातील दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. समूहोपचार जन्मला तो गरिबीतून, आणि जन्मापासूनच तो रुग्णालयाइतकाच घराशी व वस्तीशी जोडलेला होता. मात्र त्या वर्तुळात वृद्ध मनोरुग्णाला जागा मिळायला आणखी जवळजवळ अर्धशतक जावे लागले.

२. सर्वस्वहीन

हे अर्धशतक वृद्धांनी मोठ्या प्रमाणावर मनोरुग्णालयांत काढले. अमेरिकेत १९५५ साली राज्यांच्या मनोरुग्णालयांतील रुग्णसंख्या सुमारे ५ लाख ५९ हजारांवर पोचली होती. तो तिचा उच्चांक. त्यांत म्हातारपणामुळे विसरभोळी झालेली, खिन्न झालेली किंवा नुसतीच निराधार असलेली माणसे पुष्कळ होती. उपचार करण्यासारखे त्यांच्यात काही उरलेले नाही, अशीच सार्वत्रिक समजूत होती.

या समजुतीला पेनसिल्व्हेनियातील नॉरिसटाउन येथील सरकारी मनोरुग्णालयात मॉरिस लिंडेन यांनी धक्का दिला. त्यांनी ५१ वृद्ध स्त्रियांबरोबर समूहोपचार केला आणि १९५३ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सूत्रे डॉक्टर आणि परिचारिका अशा दोघांच्या हाती असत. ज्यांच्याकडून कोणी काही अपेक्षा करीत नव्हते अशा या स्त्रिया एकमेकींशी बोलू लागल्या, थट्टामस्करी करू लागल्या, काहीजणी रुग्णालयाबाहेरही पडल्या. प्रयोग छोटा होता आणि आजच्या कसोट्यांवर तो पुरावा म्हणून टिकणारही नाही. पण 'येथे बोलण्यासारखे कोणी नाही' हे वाक्य त्यानंतर तितक्या निर्धास्तपणे उच्चारता येईना.

इंग्लंडमधील परिस्थिती उघडी पडली ती एका पुस्तकामुळे. बार्बरा रॉब यांनी १९६५ मध्ये लंडनच्या फ्रायर्न रुग्णालयात एका ओळखीच्या वृद्ध स्त्रीला भेट दिली. तेथे जे दिसले त्याने त्या अस्वस्थ झाल्या. वृद्ध रुग्णांचे चष्मे, कवळ्या, श्रवणयंत्रे काढून घेतलेली. म्हणजे वाचायचे नाही, चावायचे नाही, ऐकायचे नाही. १९६७ मध्ये त्यांनी संपादित केलेले पुस्तक निघाले, 'सान्झ एव्हरीथिंग'. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' या नाटकात जाक्विझ मानवी जीवनाच्या सात अवस्थांचे जे वर्णन करतो, त्यातील शेवटच्या अवस्थेतून हे शीर्षक आले आहे. सारे काही हरपलेले अंतिम वार्धक्य, असा त्याचा आशय. रॉब यांनी त्यात एक भयंकर टीप जोडली, असे म्हणता येईल : नाटकात हे सारे काळ हिरावून घेतो, रुग्णालयात ते माणसांनी हिरावून घेतले होते. साहित्यकृतीतील एका शब्दप्रयोगाने सार्वजनिक आरोपपत्राचे शीर्षक व्हावे, याचे याहून समर्पक उदाहरण विरळाच.

दरम्यान मनोरुग्णालये रिकामी करण्याचे वारे वाहू लागले होते. ब्रिटनमध्ये आरोग्यमंत्री एनॉक पॉवेल यांनी १९६१ मध्ये त्या दिशेने सूतोवाच केले; अमेरिकेत ऑक्टोबर १९६३ मध्ये केनेडी यांनी समाजाधारित मानसिक आरोग्याच्या कायद्यावर सही केली. कल्पना उदात्त होती. परंतु वृद्धांच्या वाट्याला तिचा एक विपरीत अर्थ आला. १९६५ नंतर वैद्यकीय खर्चाच्या नव्या शासकीय योजनांमुळे वृद्ध रुग्णांना मनोरुग्णालयातून शुश्रूषागृहात हलवणे राज्यांना सोयीचे झाले. पुष्कळांचा पत्ता बदलला, एकटेपण बदलले नाही. 'समाजात परत' या घोषणेतील समाज म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न तेव्हा अनुत्तरित राहिला आणि आजही तो पुरता सुटलेला नाही.

३. बटलर आणि जीवनावलोकन

वृद्धांच्या आठवणींकडे पाहण्याची दृष्टी ज्याने बदलली तो निबंध १९६३ च्या आरंभी 'सायकिॲट्री' या नियतकालिकात आला. लेखक रॉबर्ट बटलर. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे, आजीआजोबांच्या कोंबड्या पाळणाऱ्या शेतघरात त्यांचे बालपण गेले होते. १९५५ पासून त्यांनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत निरोगी वृद्ध पुरुषांच्या दीर्घ अभ्यासात भाग घेतला होता. 'निरोगी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. तोवर वार्धक्याचे ज्ञान रुग्णालयातील वृद्धांवरून बेतलेले होते. साहजिकच वार्धक्य आणि विकार एकरूप भासत. निरोगी माणसे समोर बसल्यावर असे दिसले की तीही भूतकाळाकडे वळतात, आणि बिघाडाचा काही संबंध नसताना वळतात.

बटलर यांनी या व्यापाराला 'जीवनावलोकन' म्हटले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. मृत्यू जवळ आल्याची जाणीव झाली की मन आपोआप मागे वळते. जुने अनुभव, विशेषतः न मिटलेले कलह, पुन्हा वर येतात आणि त्यांची नव्याने जुळणी होऊ पाहते. ही क्रिया स्वाभाविक आहे, सार्वत्रिक आहे. तिच्या अखेरीस समाधान, शहाणपण, मोकळेपणा येऊ शकतो. पण बटलर भाबडे नव्हते. हीच क्रिया अपराधभाव, तीव्र नैराश्य, क्वचित आत्मनाशापर्यंत नेऊ शकते, हेही त्यांनी त्याच निबंधात नोंदवले. आयुष्याचा हिशेब मांडणारा प्रत्येकजण शिल्लक दाखवू शकेलच असे नाही.

साहित्यिक वाचकाला येथे इंगमार बर्गमन यांचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (१९५७) हा चित्रपट आठवेल. मानपत्र स्वीकारायला निघालेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा डॉक्टर वाटेत स्वप्नांतून व आठवणींतून आपल्या कोरड्या आयुष्याची झडती घेतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९७६ मध्ये याच चित्रपटाच्या आधारे मानवी जीवनचक्राचे विवेचन केले. सिद्धान्ताला दृष्टान्त कलेने पुरवावा, ही गोष्ट या क्षेत्रात पुन्हा पुन्हा घडलेली आढळते.

बटलर यांची दुसरी देणगी एका शब्दाची. १९६९ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या एका सधन वस्तीत वृद्धांसाठी सार्वजनिक घरे होऊ नयेत म्हणून रहिवाशांनी विरोध केला. 'वॉशिंग्टन पोस्ट'चा तरुण बातमीदार कार्ल बर्नस्टीन बटलर यांच्याशी बोलायला गेला. त्या मुलाखतीत वंशभेद, लिंगभेद यांच्या चालीवर त्यांनी 'एजिझम' हा शब्द वापरला. मराठीत आपण त्याला वयभेद म्हणू. नाव मिळाल्याखेरीज अन्याय दिसत नाही, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगायला नको. वार्धक्यावरील त्यांच्या ग्रंथाला १९७६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्या विषयाला थेट भिडते. १९७० पासून बटलर आणि मायर्ना लुइस यांनी उपचारगट चालवले, आणि १९७४ मध्ये वैयक्तिक व सामूहिक उपचारात आठवणींना 'कामाला लावण्या'विषयी संयुक्त निबंध लिहिला. या गटांचे वैशिष्ट्य असे की त्यांत किशोरवयीनांपासून ऐंशी ओलांडलेल्यांपर्यंत सर्व वयांची माणसे एकत्र बसत. यात एक विचार होता. समवयस्कांत आठवण ही ओळख असते. तरुणापुढे ती वारसा होते. वृद्धाला रुग्ण या भूमिकेतून बाहेर काढून साक्षीदाराच्या भूमिकेत बसवणे हे या वर्तुळाचे खरे काम होते.

४. व्हेनिसचे वृद्ध

याच सुमारास कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या व्हेनिस या उपनगरात बार्बरा मायरहॉफ ही मानववंशशास्त्रज्ञ ज्यू वृद्धांच्या एका दिनकेंद्रात जाऊ लागली. याआधी तिने मेक्सिकोतील हुइचोल आदिवासींचा अभ्यास केला होता. आता ती आपल्याच समाजातील म्हाताऱ्यांकडे वळली. ही माणसे पूर्व युरोपातील खेड्यांत जन्मलेली, अमेरिकेत येऊन शिवणकाम वगैरे करून मुलांना शिकवलेली. मुले शिकून दूर गेली. ज्या गावांत जन्म झाला ती गावे नरसंहारात नष्ट झाली. म्हणजे मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. मायरहॉफने तेथे जीवनकथा सांगण्याचा एक वर्ग चालवला. त्यातून आणि दीर्घ सहवासातून 'नंबर अवर डेज' हे पुस्तक १९७८ मध्ये साकारले. त्याच नावाच्या, लिन लिटमन यांनी दिग्दर्शित केलेल्या लघुपटाला त्याआधीच ऑस्कर मिळाले होते.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. मायरहॉफचे वृद्ध मनोरुग्ण नव्हते आणि ती उपचार करायला गेली नव्हती. तरीही समूहोपचाराच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे, कारण वर्तुळात नेमके काय घडते हे तिने सर्वांत नेमकेपणे टिपले. तिचे निरीक्षण असे की ज्यांना जग पाहत नाही ती माणसे स्वतःला दिसावीत म्हणून प्रसंग निर्माण करतात. भांडणे, वाढदिवस, भाषणे, समारंभ. 'आम्ही आहोत' हे सिद्ध करण्याचे ते विधी होत. आठवणीसाठीच्या इंग्रजी शब्दात 'सदस्य' या अर्थाचा शब्द दडलेला आहे. त्यावर श्लेष करून ती म्हणे की स्मरण म्हणजे आपल्या आयुष्याच्या मंडळात गेलेल्यांना पुन्हा सदस्य करून घेणे. मराठीत हा श्लेष साधत नाही, पण पितृपक्षात नाव घेऊन पान वाढणाऱ्या समाजाला त्यातला आशय समजायला कठीण जाऊ नये.

आपणही एक दिवस अशीच म्हातारी ज्यू बाई होणार, म्हणून या माणसांचा अभ्यास, असे मायरहॉफ म्हणे. ते घडले नाही. कर्करोगाने १९८५ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ती गेली. तिची संकल्पना मात्र ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट यांनी कथनोपचारात आणली. तेथे कथा सांगणाऱ्याइतकेच महत्त्व ऐकून प्रतिसाद देणाऱ्या साक्षीदारांना असते. मानववंशशास्त्रातील एक निरीक्षण अशा रीतीने उपचाराची पद्धत झाले.

५. ध्वनिफिती, रंगमंच आणि एक सावध सूर

ब्रिटनमध्ये या चळवळीने वेगळे रूप घेतले. १९८१ मध्ये 'हेल्प द एज्ड' या संस्थेने 'रिकॉल' नावाचा ध्वनिफिती व पारदर्शिकांचा संच काढला. जुनी छायाचित्रे, गाणी, आवाज. वृद्धाश्रमात, दिनकेंद्रात तो लावायचा आणि मग बोलू द्यायचे. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या सेविकेलाही तो वापरता येत असे. त्याचा प्रसार होण्याचे हे मोठे कारण. १९८३ मध्ये पॅम श्वाइट्झर यांनी लंडनमध्ये 'एज एक्स्चेंज' ही नाट्यसंस्था काढली. वृद्धांच्या आठवणी नोंदवायच्या, त्यांच्याच शब्दांतून नाटक उभे करायचे आणि ते पुन्हा वृद्धांपुढेच करायचे. १९८७ मध्ये ब्लॅकहीथ येथे स्मरणकेंद्र सुरू झाले. कपडे धुण्याची टोपली, रेशनपुस्तिका, युद्धकाळातील गॅसचा मुखवटा अशा वस्तू हाती दिल्या की जीभ सैल होते, हा तेथला अनुभव. आपल्याकडे हे काम पितळी बंब, जाते, कंदील किंवा गिरणीच्या भोंग्याचा आवाज करील. जोआना बोर्नाट यांनी १९८९ मध्ये या साऱ्याला एक सामाजिक चळवळ म्हटले, आणि मौखिक इतिहासाशी तिचे नाते जोडले.

परंतु गॅसचा मुखवटा हाती आल्यावर प्रत्येकाला गाणेच आठवेल असे नाही. पीटर कोलमन यांनी लंडनमधील वृद्धांच्या निवाससंकुलांत दीर्घकाळ मुलाखती घेऊन १९८६ मध्ये जे पुस्तक लिहिले, ते या उत्साहाला आवश्यक असा लगाम होते. त्यांना चार प्रकारची माणसे आढळली. आठवणींत ज्यांना आनंद वाटतो ती. आठवणी ज्यांना छळतात ती. मागे वळण्यात ज्यांना काही अर्थच दिसत नाही ती. आणि तेव्हाचे सुख आठवले की आजचे उणेपण बोचते म्हणून ती वाट टाळणारी. तिसऱ्या गटातली माणसे सुखी होती. त्यांना वर्तुळात ओढून 'तुमचे बालपण सांगा' म्हणणे हाही एक प्रकारचा जुलूमच. कालपर्यंत 'गप्प बसा' म्हणणारा समाज आज 'बोलाच' म्हणू लागला, तर वृद्धाच्या इच्छेला दोन्हीकडे स्थान नाही.

६. मोजमापाचा काळ

नव्या सहस्रकात प्रश्न बदलला. हे सारे छान आहे, पण त्याचा उपयोग होतो का? उत्तर आजाराप्रमाणे वेगवेगळे आले.

नैराश्याच्या बाबतीत ते बरेच आशादायक होते. नेदरलँड्समधील बोलमायर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. वार्धक्यातील नैराश्यावर स्मरण व जीवनावलोकन यांचा परिणाम औषधांच्या किंवा इतर मानसोपचारांच्या तोडीचा असल्याचे त्यातून दिसले.

स्मृतिभ्रंशाची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी २०१ रुग्णांवर घेतलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. वृद्धाश्रमांत आणि दिनकेंद्रांत, लहान गटांत, सात आठवड्यांत चौदा बैठका. शब्दखेळ, चालू घडामोडी, जुन्या गोष्टी, वस्तूंची ओळख. या उपचाराने आकलन आणि जीवनमान दोन्हींत सुधारणा दिसली, आणि २००६ मध्ये तेथील राष्ट्रीय मार्गदर्शिकेने सौम्य व मध्यम स्मृतिभ्रंशासाठी त्याची शिफारस केली. पुढे तो ब्राझील, टांझानिया आणि भारतात चेन्नई येथेही स्थानिक रूपात आणला गेला.

याउलट निव्वळ आठवणींवर उभ्या असलेल्या गटांची मोठी परीक्षा २०१२ मध्ये झाली. पॅम श्वाइट्झर यांच्या परंपरेतूनच घडलेला एक कार्यक्रम निवडला गेला. त्यात रुग्ण आणि त्याची काळजी घेणारा आप्त दोघेही सहभागी होत. बारा साप्ताहिक बैठका, मग सात मासिक. ४८८ जोड्या. दहा महिन्यांनंतर निष्कर्ष आला : रुग्णांच्या जीवनमानात लक्षणीय फरक नाही. आणि काळजीवाहू आप्तांची चिंता किंचित वाढलेली. जे अधिक बैठकांना आले त्या रुग्णांत काही सुधारणा दिसली, पण त्यांच्या आप्तांवरचा ताणही वाढला.

चळवळीतल्या अनेकांना हा निष्कर्ष जिव्हारी लागला असेल. पण तो बाजूला सारण्याऐवजी वाचला पाहिजे. मला त्यातून असे वाटते की वर्तुळात आठवण उजळते तेव्हा शेजारी बसलेल्या पत्नीला वा मुलीला दोन गोष्टी एकदम दिसतात : हा माणूस अजून येथे आहे, आणि त्यातला किती गेला. रुग्ण ते विसरतो, ती विसरत नाही. बैठकीला आणण्या-नेण्याचे ओझेही तिच्याच खांद्यावर असते. म्हणजे वस्तीतील उपचाराचा खर्च हिशेबात न धरलेल्या एका व्यक्तीच्या खात्यावर पडत होता. यातून धडा मिळतो तो वर्तुळ मोडण्याचा नव्हे. वर्तुळात किती माणसांचे दुःख बसलेले आहे, ते नीट मोजण्याचा आहे.

७. आपल्याकडे

मराठी रंगभूमीने हा प्रश्न उपचारशास्त्राआधीच ओळखला होता. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगमंचावर आले. गणपतराव बेलवलकरांची शोकान्तिका घर गमावण्याची आहे, तशीच श्रोता गमावण्याचीही आहे. ज्याने हजारोंपुढे बोलावे त्याचे बोलणे मुलांच्या घरात गैरसोय ठरते. आणि ते पुन्हा ऐकले जाते ते रस्त्यावर, बूटपॉलिश करणाऱ्या राजाच्या सोबतीत. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मधील नाना-नानींचा एक मुलगा परदेशी, दुसरा सैन्यदलात. त्यांच्या घरात शब्द भरपूर आहेत, कान नाहीत. पुढे २०१३ मध्ये सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशात हरवतात. ही भूमिका मोहन आगाशे यांनी केली. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

प्रत्यक्ष कामाचा विचार करता, कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची कल्पना भारतात जुनी आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंत राहू दिले होते. पुण्यात १९९७ मध्ये जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारी संस्था स्थापन झाली आणि स्वमदत गट सुरू झाले. अशा गटांत येणाऱ्या आप्तांत वृद्ध आईवडील असतात, आणि 'आमच्यानंतर काय?' हा त्यांचा प्रश्न स्वतःच एक म्हातारपण असतो. गोव्यात ६० वर्षांवरील १८१ जणांबरोबर केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य लक्षणे असलेल्या वृद्धांना प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी समस्या सोडवणे, झोप, प्रकृतीची काळजी, शासकीय योजनांचा लाभ यांबाबत साहाय्य केले. वर्षभरात तीव्र नैराश्य जडलेल्यांचे प्रमाण त्या गटात ४.४ टक्के होते, इतरांत १४.४ टक्के. हे काम वैयक्तिक पातळीवरचे होते, समूहाचे नव्हे. पण वस्तीतला माणूस वस्तीतल्या वृद्धाचे ऐकू शकतो, आणि त्याला परदेशी पदवी लागत नाही, हे त्याने दाखवून दिले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क प्रत्यक्षात उतरायचा तर कायद्याच्या कलमाबरोबर गावोगावी एखादे दालन, काही खुर्च्या आणि ऐकणारी चार माणसे लागतील.

८. उपयोग आणि अधिकार

या इतिहासात एक पेच आहे आणि तो शेवटपर्यंत सुटत नाही. वृद्धाच्या कथनाचे समर्थन 'उपयोग होतो' या आधारावर केले, तर एखाद्या चाचणीत उपयोग दिसला नाही की ते समर्थन कोसळते. म्हणून उपयोगाचा प्रश्न आणि अधिकाराचा प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. उपचार म्हणून काय चालते हे मोजलेच पाहिजे. सार्वजनिक पैसा, आप्तांचे श्रम आणि रुग्णाची वेदना यांचा तो प्रश्न आहे. परंतु आपल्या आयुष्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगण्याचा, किंवा न सांगण्याचा, अधिकार कोणत्याही चाचणीच्या निष्कर्षावर अवलंबून ठेवता येत नाही. आत्मचरित्र लिहिल्याने लेखकाचा रक्तदाब उतरतो का, असे आपण विचारत नाही.

फ्रॉइड म्हणाले होते, ऐवज फार आहे. त्यांचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकला. एवढा ऐवज एका डॉक्टराला एका खोलीत पेलणारा नव्हता, म्हणून तो वाटून घ्यावा लागला. बोस्टनच्या वर्गापासून लंडनच्या दिनकेंद्रापर्यंतचा हा सारा प्रवास त्या वाटणीचा आहे. आत्मकथने शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या आपल्यासारख्यांपुढे तो एक साधी मागणी ठेवतो. छापील पानावरच्या निवेदकाला आपण जो संयम देतो, त्याच्या पुनरुक्तीत जो अर्थ शोधतो, त्याच्या मौनाला जी किंमत देतो, ती ओसरीवर बसून तीच गोष्ट पाचव्यांदा सांगणाऱ्याच्या वाट्याला का येऊ नये? पाचव्या वेळी त्या गोष्टीत काय बदलले, हे ओळखायला वाचकच लागतो.